आइस मेकर पुन्हापुन्हा बंद पडतो? आधी गच्चीवरच्या टाकीचं बघा

नवा दोन दारांचा फ्रिज आला, महिनाभर खडखड बर्फ पडला, आणि मग एका सकाळी डबा रिकामा. मेकॅनिक आला, आत काहीतरी गरम करून गेला, बर्फ सुरू. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा डबा रिकामा. गोव्यात ही तक्रार इतकी ठरलेली आहे की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की मी विचारतो, ‘तुमची पाण्याची टाकी किती उंचावर आहे?’ पलीकडचा माणूस गप्प होतो. त्याला वाटतं चुकून प्लंबरला फोन लागला.

मी फोंडा-म्हार्दोळ पट्ट्यात फ्रिज-एसीची कामं करतो, सीझनला किनाऱ्याकडच्या होमस्टेंचीही. माझा अनुभव असा की आइस मेकर स्वतः बिघडलेला क्वचित सापडतो. तो बिचारा ओळीत शेवटचा. त्याच्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही, किंवा थंडी पुरत नाही, आणि बदलला जातो मात्र तोच, कारण तो समोर दिसतो. पूर्ण असेंब्ली बदलून घेण्याआधी खालचं सगळं एकदा तपासून बघा. यातलं बहुतेक घरच्या घरी होतं.

आत नेमकं काय घडतं

फ्रिजच्या मागे, खालच्या बाजूला, विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. आइस मेकरने हुकूम दिला की तो मोजके सेकंद उघडतो, ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो, आणि पाणी फिल्टरमधून, बारीक नळीतून वर चढून फ्रीझरमधल्या साच्यात पडतं. साच्याला चिकटलेला सेन्सर तापमान बघत बसतो. पाणी नुसतं गोठून भागत नाही, खडे शून्याच्या बरेच खाली जावे लागतात, तेव्हा मोटर फिरते. काही फ्रिजमध्ये प्लास्टिकचा ट्रे पिळून खडे सोडवले जातात. काहींत धातूचा साचा असतो, त्याखालचा हीटर खडे किंचित सैल करतो आणि फिरता दांडा ते बाहेर लोटतो. खडे डब्यात, नवं पाणी साच्यात, पुन्हा तोच फेरा. सगळं जागेवर असेल तर एक फेरी साधारण दीड-दोन तासांची. म्हणजे रिकामा डबा भरायला दिवस-दीड दिवस सहज लागतो. सकाळी खटका चालू करून दुपारी ‘अजून बर्फ नाही’ म्हणून फोन करणारेही असतात, त्यांनी थोडा धीर धरावा.

फुकटातलं आधी

डब्याच्या वर एक तार किंवा प्लास्टिकची पट्टी लोंबते. ती बर्फाची पातळी बघते. पट्टी वर उचललेली राहिली की मशीन समजतं, डबा भरला, थांबा. डब्यात एखादा खडा आडवा अडकला, कोळंबीची पिशवी डब्याच्या कडेला खुपसून ठेवली, किंवा जुन्या बर्फाचा ढेकूळ झाला, की पट्टी वरच. काही मॉडेलमध्ये पट्टीऐवजी प्रकाशाचा सेन्सर असतो. त्याच्या काचेवर दव गोठलं तरी तेच. डबा बाहेर काढा, रिकामा करा, धुऊन पूर्ण कोरडा करा आणि शेवटपर्यंत आत ढकला. अर्धा बोट बाहेर राहिलेला डबाही काही फ्रिजना चालत नाही.

मग दारावरचा डिस्प्ले. ‘आइस ऑफ’चा दिवा लागलेला असेल तर तो कोणीतरी लावलेला आहे. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर चौकशी करण्यातही अर्थ नाही. तापमानाच्या आकड्याऐवजी ‘ऑफ’ अशी अक्षरं दिसत असतील, आतला दिवा लागतोय पण गारवा नाही, तर फ्रिज शोरूमच्या डेमो मोडमध्ये गेलाय. त्यातून बाहेर काढायची बटणं प्रत्येक कंपनीची वेगळी, माहितीपुस्तिकेत असतात.

पाणी: खरी मेख इथे आहे

दारातल्या नळाखाली साधारण १८० मिलीचा कागदी कप धरा आणि दाबून ठेवा. दहा सेकंदांत कप भरला तर पाण्याचं ठीक आहे, थंडीकडे वळा. वीस-पंचवीस सेकंद लागले, धार काडीसारखी आली, तर पुढे वाचा. दारात नळ नसेल तर भिंतीवरचा कॉक बंद करून मागची नळी व्हॉल्व्हपासून सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. धार बादलीच्या तळावर आपटली पाहिजे, नळीच्या ओठावरून ओघळता कामा नये.

आता थोडं गणित. बहुतेक फ्रिजवाले पाण्याचं प्रेशर कमीत कमी २० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आसपास मागतात, काही मॉडेल त्याहून जास्त. अचूक आकडा तुमच्या पुस्तिकेत आहे. टाकीतून नुसतं उताराने येणारं पाणी दर १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय देतं. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकी फ्रिजच्या वर १४ मीटर हवी. आपल्याकडे बंगला किंवा जुनं कौलारू घर असलं की टाकी कुठे असते? न्हाणीघराच्या स्लॅबवर, फार तर लोखंडी स्टँडवर. तीन-चार मीटर. हिशेब करा, चार-साडेपाच पीएसआय. हे फ्रिज बनवणाऱ्यांनी जिथे नळाला चोवीस तास जोरात पाणी येतं असं घर डोळ्यांपुढे ठेवलं. आपल्याकडे पाणी येतं ठरावीक वेळेला, ते साठतं टाकीत, आणि तिथून हळूहळू उतरतं.

फ्लॅटमध्ये तर मजाच. तळमजला अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग धरा. टाकी गच्चीवर. तळमजल्याच्या स्वयंपाकघरात कसेबसे १८ पीएसआय मिळतात, तिसऱ्या मजल्यावर सहा-सात. मडगावला एका गिऱ्हाईकाने मला ऐकवलं होतं, ‘अहो, माझ्या भावाकडे ह्याच कंपनीचा, हाच मॉडेल, एकाच दिवशी घेतलेला. त्याचा चालतो. माझाच पीस डिफेक्टिव्ह आहे.’

‘भाऊ कुठे राहतात?’

‘ह्याच बिल्डिंगमध्ये, खाली.’

‘मग तुमचे फ्रिज अदलाबदल करून बघा.’

त्यांना तो टोमणा वाटला, पण तपास म्हणून तो खरंच उत्तम ठरला असता.

‘पण पाणी तर येतंय ना!’ हे वाक्यही नेहमीचं. येतंय, पण व्हॉल्व्ह उघडा राहतो तो ठरलेले सेकंद. त्या सेकंदांत जोराचं पाणी असेल तर साचा काठोकाठ भरतो, मंद असेल तर अर्धा. म्हणून बर्फ पूर्ण थांबायच्या आधी काही दिवस खडे बारीक, चपटे किंवा मधून पोकळ पडायला लागतात. ही खूण लक्षात ठेवा. चपटे खडे दिसले की प्रेशर किंवा फिल्टर, दुसरं काही शोधत बसू नका.

नळीच्या तोंडाशी गोठलेली कांडी

दर पंधरवड्याला बंद पडण्याचं कोडं इथे सुटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

व्हॉल्व्हच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. व्हॉल्व्हला मिळणारी वीज थांबली की स्प्रिंग वरचं बारीक भोक मिटवते, पण पडदा घट्ट दाबून धरायचं काम पाण्याचं स्वतःचं प्रेशर करतं. प्रेशरच नसेल तर पडदा सैल बसतो आणि एखाद-दुसरा थेंब झिरपत राहतो. पडद्याखाली रेतीचा कण अडकला तरी तेच. तो थेंब नळीतून फ्रीझरमध्ये पोहोचतो, तिथे उणे १८ अंश. थेंब नळीच्या ओठावरच गोठतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. काही दिवसांत तोंड बंद. मग व्हॉल्व्ह कितीही ‘घुंऽऽ’ करो, पाणी पुढे जात नाही.

ती नळी ओढून काढली की आतून करंगळीएवढी काचेसारखी कांडी निघते, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला नळीच्या खाचांचे ठसे. गिऱ्हाईकाला मी ती हातात देतो. कांडी वितळवली की बर्फ सुरू होतो आणि सगळे खूश होतात. थेंब मात्र थांबलेला नसतो. म्हणून पंधरा दिवस.

वितळवायचं कसं तेही नीट ऐका. प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, डबा बाहेर, दार उघडं, खाली जुने टॉवेल, आणि तीन-चार तास सोडून द्या. घाई असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं नळीच्या तोंडाला लावा, किंवा सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी सोडा. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, सुळा यांनी टोचायचं नाही. मागे ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात. त्यात भोक पडलं की गॅस गेला. शिवाय आताच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्यामुळे हेअर ड्रायर आत खुपसून बसणंही मला पसंत नाही, त्यात फरशी ओली असते.

वितळून झालं की थेंबाची परीक्षा घ्या. फ्रिजचा प्लग बाहेरच राहू दे, पाण्याचा कॉक मात्र उघडा. साच्याच्या वर जिथे नळीचं तोंड येतं तिथे टिश्यू पेपरची घडी ठेवा आणि तासाभराने बघा. प्लग काढलाय म्हणजे व्हॉल्व्हला उघडायचा हुकूम कोणीच दिलेला नाही. तरी कागद ओला झाला असेल तर व्हॉल्व्ह गळतोय, दुसरं कारण नाही.

आता प्रश्न, व्हॉल्व्ह खराब की प्रेशर कमी? व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काढून जुन्या टूथब्रशने घासा. फार जणांच्या जाळीत लाल चिखल आणि सांध्याच्या आट्यांवर गुंडाळलेल्या टेफलॉन टेपचे तुकडे निघतात. नंतरही थेंब पडत असेल आणि कपाची परीक्षा पास झाली असेल तर व्हॉल्व्ह बदला, तो पूर्ण आइस मेकरपेक्षा बराच स्वस्त पडतो. पण कपाची परीक्षा नापास असेल तर नवा व्हॉल्व्हही तसाच गळणार. मग उपाय प्रेशरचाच.

प्रेशर वाढवायचं तर

टाकीतून फ्रिजकडे जाणाऱ्या लायनीवर प्रेशर स्विचवाला छोटा पंप बसवतात, आरओ मशीनमध्ये असतो त्याच जातीचा, किंवा घरभर चालणारा थोडा मोठा. आइस मेकरने पाणी मागितलं की तो आपोआप सुरू होतो. पुस्तिकेत कमाल प्रेशरही दिलेलं असतं, त्याच्या पुढे जाऊ नका. पंपानंतरचे सगळे सांधे एक रात्र कोरड्या कागदावर ठेवून बघा, कारण जी जोडणी पाच पीएसआयला गळत नव्हती ती तीसला गळू शकते, आणि फ्रिजच्या मागचं पाणी फरशी फुगेपर्यंत कोणाला दिसत नाही. आणि हा पंप टाकीनंतरच. सरकारी नळाच्या लायनीवर थेट पंप लावून पाणी ओढायला परवानगी नाही, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या.

माझं स्पष्ट मत विचाराल तर दोन माणसांच्या घरात हा खटाटोप करू नये. तिसऱ्या मजल्यावर राहता, पाहुणे चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि मे महिन्यात येणार, तर साधे ट्रे भरून ठेवा आणि आइस मेकर बंद करून टाका. होमस्टे असेल, उर्राकच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांत रोज संध्याकाळी बादलीभर बर्फ लागत असेल, तर पंप घाला.

आरओच्या नळाला टी-जोड लावून त्यातून फ्रिजला पाणी दिलंय? आपल्याकडच्या भिंतीवरच्या आरओ मशीनमध्ये गाळलेलं पाणी साध्या प्लास्टिकच्या टाकीत साठतं. त्या पाण्याला प्रेशर जवळपास शून्य. काही लोक तीन-चार हजार खर्चून ही जोडणी करून घेतात आणि मग फ्रिजला नावं ठेवतात. आरओचंच पाणी हवं असेल तर मध्ये पंप लागणार, नाहीतर नाही.

फिल्टर आणि लाल पाणी

मृगाचे पहिले चार पाऊस झाले की नळाला गढूळपणा येतो. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी खांडेपार नदीचं. घाटातून आणि चिऱ्याच्या मातीतून वाहून आलेलं सगळं नदीत उतरतं. शुद्धीकरण होतं, पण मधल्या पाइपात आणि तुमच्या स्वतःच्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ढवळला जातो तो जातोच. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांकडे तर काही ठिकाणी लोखंडाचा लालसर थर कायमचा.

फ्रिजचा आतला फिल्टर सहा महिन्यांनी बदला असं लिहिलेलं असतं. तो आकडा स्वच्छ पाण्याचा. इथे जूनमध्ये बसवलेला फिल्टर ऑगस्टमध्ये तुंबलेला बघितलाय. ओळखायचं सोपं आहे. बऱ्याच फ्रिजबरोबर फिल्टरच्या जागी लावायचं एक बूच मिळतं. ते लावून कप भरून बघा. बूच लावल्यावर धार जोरात, फिल्टर लावल्यावर काडी, तर फिल्टर गेला. बूच सहसा घर लावताना हरवलेलं असतं, पण शोधा.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे फ्रिजच्या आधी, भिंतीवर, दहा इंची पारदर्शक भांड्याचा फिल्टर आणि त्यात पाच मायक्रॉनची, म्हणजे बारीक गाळ अडवणारी, गाळणकांडी. पारदर्शकच घ्या, म्हणजे कांडी पांढरी आहे की विटकरी ते येता-जाता दिसतं. कांडी स्वस्त असते, दर पावसाळ्यात दोन-तीन गेल्या तरी फ्रिजच्या फिल्टरपेक्षा परवडतं. नवा फिल्टर बसवला की आत हवा अडकते आणि पाणी फुरफुरत येतं, म्हणून आधी सात-आठ लिटर पाणी दारातल्या नळातून काढून टाका. झाडांना घाला, वाया घालवू नका.

आणखी एक. चवथीच्या साफसफाईनंतर बर्फ थांबला असेल तर फ्रिज पुढे ओढा आणि मागची नळी बघा. भिंतीशी ढकलताना ती दुमडलेली असते. वर्षातून एक-दोन फोन हमखास याचेच, आणि जायचे पैसे घ्यायला मलाच संकोच वाटतो.

थंडी पुरत नसेल तर

फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. उणे १२ च्या वर चढला की बर्फ रेंगाळतो किंवा थांबतो, कारण सेन्सरला हवं तितकं तापमान येतच नाही. डिस्प्लेवरचा आकडा हा तुम्ही मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. साधा फ्रीझर थर्मामीटर घ्या, गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याउघडल्या वाचा.

मे महिना संपता संपता अशा तक्रारी एकदम वाढतात, आणि कारण फ्रीझर उघडताच दिसतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरची मासेमारी बंद. त्याआधी इसवण (सुरमई), बांगडे, सुंगटं (कोळंबी) आणून सगळे फ्रीझर छताला लावतात. सात-आठ किलो मासे एकदम आत गेले की तापमान चढतं, आणि पिशव्या मागच्या जाळीला टेकल्या की थंड हवा फिरायचा रस्ताच बंद. अशा वेळी आइस मेकर एक-दोन दिवस थांबला तर तो बिघाड नाही. मासे थोडे थोडे आत घाला, मागची जाळी आणि आइस मेकरच्या पुढची जागा मोकळी ठेवा. पिशव्या घट्ट बांधा, नाहीतर सरबतातल्या खड्याला बांगड्याचा वास येतो आणि लोक फिल्टरला दोष देतात.

दाराचं रबर पावसाळ्यात तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. सहज निसटली तिथून दमट हवा आत जाते. आपल्या हवेत तेवढी फट पुरते, आतल्या मागच्या भिंतीवर दवाचा पांढरा थर चढत जातो. रबराच्या घडीतली काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, थिनर-केरोसिन लावू नका, रबर कडक होतं. घडी बसली असेल तर कोमट फडक्याने शेकून बोटांनी बाहेर ओढा, पुष्कळदा जागेवर येतं. रबर ठीक असून मागे बर्फाची भिंतच उभी राहत असेल, किंवा फ्रीझरमधला पंखा ऐकूच येत नसेल, तर डीफ्रॉस्टचा (साचलेलं दव वितळवणारा) हीटर, त्याचा फ्यूज किंवा पंख्याची मोटर. ते काम मेकॅनिकचं.

समुद्रालगत, मोरजी-कळंगुट बाजूला, आणखी एक त्रास असतो. खाऱ्या हवेने व्हॉल्व्हच्या वायरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. वरून वायर धडधाकट दिसते, करंट मात्र पोहोचत नाही. प्लग काढून कनेक्टर सोडवला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पुन्हा बसवला, की व्हॉल्व्ह बोलायला लागतो.

वीज जाण्याचं थोडक्यात. लाइट बराच वेळ गेली की डब्यातला बर्फ वितळायला लागतो, आली की त्याची एकसंध लादी होते आणि पट्टी तिच्यावर टेकून बसते. पावसाळ्यात लाइट लांबणार असं दिसलं तर डबा काढून ठेवा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, कंट्रोल बोर्ड उडाला तर आइस मेकरचं दुखणं किरकोळ वाटेल.

पाइप नसलेला, टाकीवाला फ्रिज

काही फ्रिजना नळाची जोडणीच नसते, आत पाण्याची छोटी टाकी भरायची आणि पंप पाणी वर पाठवतो. इथे वरचं प्रेशरचं पुराण लागू नाही. टाकी ‘टक’ आवाज येईपर्यंत ढकला, तळाची जाळी आणि झडप धुवा, बुळबुळीतपणा आला असेल तर मऊ ब्रशने घासा. घर महिनाभर बंद ठेवून आला असाल तर पंपात हवा अडकलेली असते. टाकी पूर्ण भरून दारातला नळ थांबून थांबून दाबत राहा, पाणी येईपर्यंत.

मग आइस मेकरकडे

हे सगळं ठीक निघालं तर आता त्याची पाळी. बऱ्याच आइस मेकरना खाली किंवा पुढे टेस्टचं बटण असतं. डबा काढा, खाली पातेलं धरा, बटण तीन-चार सेकंद दाबून सोडा. आता बघा आणि ऐका, पण घरातला पंखा आणि टीव्ही बंद करून. ट्रे हललाच नाही तर मोटर, दातरी चाकं किंवा बोर्ड. ट्रे फिरला पण मागून ‘घुंऽऽ’ आलं नाही, तर व्हॉल्व्हची कॉइल किंवा वायर. मेकॅनिकला मल्टिमीटर लावायला सांगा, कॉइल तुटलेली असेल तर लगेच कळतं. ‘घुंऽऽ’ आलं पण साचा कोरडा, तर वरचा पाण्याचा भाग पुन्हा वाचा. पाणी आलं, गोठलं, पण स्वतःहून पडत नाही आणि बटण दाबलं की पडतं, तर फ्रीझरची थंडी किंवा साच्याचा सेन्सर. बटण पुन्हापुन्हा दाबू नका. प्रत्येक वेळी पाणी सुटतं, साचा ओसंडतो, आणि डब्यात लादी तयार.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा फोनवरच सांगा: टेस्ट दाबल्यावर काय हललं, काय ऐकू आलं, कप किती सेकंदांत भरला, कितवा मजला. ज्याला हे ऐकून पुढचा प्रश्न सुचतो त्याला बोलवा. जो न बघता ‘असेंब्ली बदलावी लागेल’ म्हणतो त्याला सांगा, बदला, पण आधी माझ्यासमोर कप भरून दाखवा. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

काम झाल्यावर चोवीस तास द्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचे खडे टाकून द्या, नव्या नळीची आणि फिल्टरची चव त्यांना असते. आणि घर बंद करून मुंबईला किंवा आणखी कुठे जाणार असाल तर आइस मेकर ऑफ, भिंतीवरचा कॉक बंद. गळका व्हॉल्व्ह माणूस घरात आहे की नाही ते बघत नाही.